कोपऱ्याला एल ट्रॉवेल कशाला, सहा इंची पत्रा बास

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी जिप्सम बोर्डचं पार्टिशन कसं करायचं यावर अर्धं पान आलं होतं. चांगलं होतं, म्हणजे चॅनल (बोर्ड ज्यावर मारतात तो पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा) आणि स्क्रूपर्यंत चांगलं होतं, पण पुढे कोपऱ्याच्या फिनिशिंगला लिहिलंय की बाजारात एल आकाराचा कॉर्नर ट्रॉवेल, म्हणजे कोपऱ्याची थापी, मिळतो तो घ्या, वरून खाली एकदा ओढला की दोन्ही बाजू एकदम साफ, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी बावीस वर्षं डोंबिवली ते पनवेल हेच काम करतोय, आधी दुसऱ्याच्या हाताखाली, आता चार पोरं घेऊन स्वतःचं. माझ्या पेटीत तो एल ट्रॉवेल आहे, कोरा करकरीत आहे, कारण तो बाहेर काढायची वेळच येत नाही.

तो बनवलाय गुण्यातल्या, म्हणजे बरोबर काटकोनातल्या, कोपऱ्यासाठी. आणि गुण्यातला कोपरा आपल्याकडे मिळतो कुठे? मागच्या पावसाळ्यात कल्याणला एक काम होतं, दोन्ही बाजू बोर्डाच्याच, सगळं नवं, तरी गुण्या लावून बघितला तर एका टोकाला दहाचं नाणं आरामात आत सरकत होतं आणि छताजवळ दोन नाणी, कारण चॅनलवाल्याने जुनी भिंत सरळ आहे असं धरून सगळं मारलेलं. अशा ठिकाणी तो ट्रॉवेल ओढला की एका बाजूला खरवडून जोडावर चिकटवलेली टेप उघडी पाडतो आणि दुसऱ्या बाजूला जाड थर सोडून येतो, मग ते निस्तरायला शेवटी पत्राच, म्हणजे रुंद सपाट पात्याची आपली साधी पट्टीच, हातात घ्यायचा. कोपरा खरंच गुण्यात असेल आणि हात बसलेला असेल तर शेवटचा हात मारायला चालतो, नाही म्हणत नाही, पण पहिल्यांदा करणाऱ्या माणसाला तो घ्यायला लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

घ्यायचेच तर पत्रे घ्या, चार इंची, सहा इंची आणि एक दहा इंची, एवढ्यात अख्खं घर होतं. दुकानात किंमत विचारायच्या आधी पत्रा अंगठ्याने दाबून वाकवून बघा, कमानीसारखा वाकला पाहिजे आणि सोडला की सरळ झाला पाहिजे. कडक पत्रा माल, म्हणजे जोड भरायचं कंपाउंड, भरतो पण कडेला पातळ करत नाही, मग रंग मारल्यावर शिडीच्या पायरीसारखी रेघ दिसते. कार्बन स्टीलच्या पत्र्याला स्प्रिंग छान असते पण आपल्या हवेत जुलै महिन्यात एक रात्र ओला राहिला की गंज, आणि तो गंज दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कंपाउंडमध्ये पिवळ्या रेघा काढतो, म्हणून मी स्टेनलेसच घेतो. अजून एक, नव्या पत्र्याची दोन्ही टोकं सुरीसारखी असतात. त्यावरून बारीक कानस दोन-तीनदा फिरवून किंचित गोल करायची, नाहीतर आतल्या कोपऱ्यात तेच टोक कागदी टेप कापतं आणि तुम्हाला कळतही नाही, कळतं ते रंगारी ओरडतो तेव्हा.

आता वापरायचं कसं. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना चार इंचीने कंपाउंडचा पातळ हात द्या, कागदी टेप मधल्या घडीवर दुमडून त्यात बसवा आणि मग पत्र्याने एकेक बाजू दाबत या, खालचा माल बाहेर येतो तेवढा काढा, पण सगळा पिळून काढू नका, कोरडी राहिलेली टेप नंतर फुगते. हे वाळलं की दुसरा हात, आणि इथेच सगळे घाई करतात. दुसरा हात एका वेळी एकाच बाजूला मारायचा, डावी आज, उजवी उद्या. दोन्ही ओल्या असताना मारायला गेलात तर उजवी बाजू ओढताना पत्र्याचं टोक डावीत घुसतं, मग डावी सारखी करायला गेलात की उजवी गेली, असं तासभर चालतं आणि मध्ये गोल खोबण तयार होते. एक बाजू वाळलेली असली की पत्रा तिच्यावर टेकून सरळ खाली येतो, वाकड्या कोपऱ्यातही. दिवस वाढतात हे खरं, पावसाळ्यात तर एकेका हाताला दोन दिवस लागतात, गिऱ्हाईक फोन करून विचारतं की आज पण माणूस तासभरच आला होता का, हो, तासभरच आला होता.

लेखात चिकट जाळी टेप सोपी पडते असंही आहे. सपाट जॉइंटला ठीक आहे, आतल्या कोपऱ्याला नको, तिला घडी नसते, ती कोपऱ्यात गोल होऊन बसते आणि वर कंपाउंडचा थर पातळ राहतो. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका ऑफिसात सगळीकडे तीच मारली, काम एका दिवसात उरकलं म्हणून चहा-वडापाव पार्टी पण झाली, एसी चालू झाला आणि दोन महिन्यांत प्रत्येक कोपऱ्यात केसासारखी रेघ. सगळं खरवडून पदरच्या पैशाने परत केलं. आणि जॉइंटला वॉल पुट्टी वापरू नका हो, ती प्लास्टरची भिंत गुळगुळीत करायला असते, बोर्डाच्या जॉइंटसाठी वेगळं जॉइंटिंग कंपाउंड मिळतं. सीलिंगचा बोर्ड विटांच्या भिंतीला भिडतो तिथे तर टेपही टिकत नाही कारण दोन्ही आपापल्या परीने हलतात, तिथे ॲक्रिलिक सीलंटची रेघ मारायची.

बाहेरच्या कोपऱ्याचं सोपं आहे, तिथे कॉर्नर बीड, म्हणजे कोपऱ्याच्या धारेवर ठोकायची पट्टी, लागते आणि पत्र्याचं एक टोक बीडच्या धारेवर आणि दुसरं बोर्डावर टेकवलं की पत्रा आपोआप मार्गाला लागतो, आधी सहा इंची मग दहा इंची. फक्त बीड ठोकताना तिची धार बोर्डापेक्षा जराशी वर आहे ना ते बघा.

घासायला सँडपेपरची घडी कोपऱ्यात खुपसू नका, दुसऱ्या बाजूला चर पडतो, तिरक्या कडेचा सँडिंग स्पंज घ्या आणि टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा उजेड टाकून बघत घासा. तोंडाला चांगला मास्क हवाच, त्या धुळीत सिलिका असू शकते, रुमालाने काही अडत नाही. माझा भाचा न्यू जर्सीत आहे, तिकडे घरंच्या घरं या बोर्डाची, मुळात 1894 मध्ये याचं पेटंट घेणारा सॅकेट अमेरिकेचाच, तर त्याने जुनं घर घेतलं आणि मला व्हिडिओ कॉलवर विचारतो मामा हा जुना कोपरा घासू का. म्हटलं थांब, तिकडे कंपाउंडमध्ये ॲस्बेस्टॉस घालायला बंदी आली 1977 मध्ये, तुझं घर त्याच्या आधीचं आहे, आधी तपासून घे मग हात लाव.

तेवढं जाळी टेपचं पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापा, लोक पेपरात आलं म्हणून करतात. आणि लेखाबरोबरच्या फोटोत तो माणूस हसत हसत कोपरा ओढतोय ना, त्याच्या पत्र्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाहीये, फोटो मोठा करून बघा.

आपला,
एक जिप्समवाला, डोंबिवली पूर्व