सत्कारात अडकलेले नेत्रशिक्षण

महोदय,

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना दर ५ वर्षांनी सततच्या वैद्यकीय शिक्षणाचे श्रेयांक दाखवावे लागतात. ग्रामीण रुग्णालयातील माझ्यासारख्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याला (डोळे तपासणाऱ्या, पण डॉक्टर नसलेल्या कर्मचाऱ्याला) मात्र नवे शिकण्याची संधी बहुधा माजी विद्यार्थी मेळाव्याला जोडलेल्या सत्रातच मिळते.

नुकत्याच झालेल्या अशा मेळाव्यात शाल-श्रीफळ आणि मनोगते यांतच दुपार झाली आणि मधुमेही रुग्णांच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे तपासण्याचा सराव जेवणानंतर वीस मिनिटांत उरकला गेला. खरे शिक्षण जेवणाच्या रांगेत झाले. एका वर्गमैत्रिणीने पर्समधून रेटिनोस्कोप, म्हणजे डोळ्यात प्रकाशाची पट्टी टाकून तपासण्याचे उपकरण, काढून (ती तो बरोबरच बाळगते!) चुळबुळ्या मुलाच्या चष्म्याचा नंबर कसा काढावा, हे दाखवले. बाहुलीतला प्रकाश पट्टीच्या दिशेने सरकला तर अधिक, उलट सरकला तर वजा भिंग, हे आम्हा सर्वांना पाठ असते. पण मुलाची नजर दूरच्या चित्रावर खिळवून ठेवणे, हे कसब पाहूनच येते.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने ऑप्टोमेट्रीचा, म्हणजे दृष्टी तपासून चष्म्याचा नंबर देण्याचा, व्यवसायही नियमनाच्या कक्षेत आणला आहे. तेव्हा संयोजकांनी सत्कार सायंकाळी ठेवून सकाळचे तास प्रात्यक्षिकांना द्यावेत, ही विनंती.

– एक नेत्रचिकित्सा अधिकारी, सातारा जिल्हा