पानाचा डबा वाळतोय

खानापूर

ती. आई-बाबांस, सा. न.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, सोन्यासमोर विहीणबाईंचा विषय काढू नकोस. तेव्हा मी हूं म्हटलं, पण ते मला पटलेलं नाही. म्हणून लिहितेय.

सासूबाई गेल्यापासून तो रडला नव्हता. रात्री त्यांच्या रिकाम्या कॉटवर जाऊन निजायचा. वर्षाच्या आत सण नाही, म्हणून यंदा पंचमीला मातीचा नागोबा आणला नाही. दरवर्षी आज्जीच त्याला घेऊन कुंभाराकडे जायच्या. यंदा तो एकटाच गेला आणि ओंजळभर माती घेऊन आला. इथली माती किती चांगली ते बाबांना ठाऊक आहे. आपल्या घरावरची कौलं खानापूरचीच ना? कुंभारकाम शिकवणारी खादी ग्रामोद्योगाची संस्थाही इथंच आहे.

मला वाटलं, नाग करेल. त्यानं आज्जीचा अडकित्ता केला. मग चुन्याची डबी, मग पानाचा डबा. डब्याच्या कडेला पोचा होता, तोसुद्धा अंगठ्यानं दाबून काढला. तो पोचा माझ्या कधी लक्षातही आला नव्हता. झाकण लावून सांधा पाण्यानं लिंपून टाकला.

ते सगळं दाखवायला आम्ही कुंभारमामांकडे गेलो. ते म्हणाले, "बाळा, खाली एक भोक पाड. आतल्या वाफेला वाट नसली तर भट्टीत फुटतोय बघ."

हा हटून बसला. "आज्जीचा डबा गच्च लागायचा. भोक असलं तर पानं सुकतात की!" आणि बोलता बोलता रडायला लागला. आई, खूप रडला गं. मी गप्प केलं नाही. मामाही काही न बोलता चाक फिरवत राहिले. मग यानंच खराट्याची काडी घेतली, डबा पालथा केला आणि भोक पाडलं.

सध्या मलप्रभा दोन्ही थडी भरून वाहतेय, हवेत ओल आहे, त्यामुळे वाळायला वेळ लागेल. सावलीतच वाळवायचं, नाहीतर तडे जातात. रोज शाळेला जाण्याआधी तो तिन्ही वस्तू उलटून ठेवतो आणि आज्जी सुपारी कशी कातरायची ते मला सांगतो. कॉटवर अजून निजतो, निजू दे.

पाऊस उघडला की दोघंही या. तोवर भट्टी लागलेली असेल. बाबा, तो डबा दाखवेल तेव्हा छान आहे एवढंच म्हणून थांबू नका. विहीणबाई तुम्हाला विडा कसा करून द्यायच्या ते त्याला सांगा. कात किती, चुना किती, सगळं.

तुमची,
ताई