रक्त घेण्याचे शिक्षण प्रत्यक्ष हातावर हवे

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

धुळ्यात ३० वर्षे प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम करून मी निवृत्त झालो असून, फ्लेबोटॉमी टेक्निशियनचा, म्हणजे तपासणीसाठी रक्त घेण्याचा, अभ्यासक्रम करणारी मुले-मुली अधूनमधून माझ्याकडे शंका घेऊन येतात. रक्त ज्यात घेतात त्या नळ्यांच्या झाकणांचे रंग त्यांना तोंडपाठ असतात. पण खऱ्या हातावर सुई किती वेळा टोचली, असे विचारले की बहुतेक जण खाली बघतात.

गेल्या उन्हाळ्यात याचा प्रत्यय घरीच आला. मी बाजारात गेलो असताना एका खासगी प्रयोगशाळेचा मुलगा पत्नीचे रक्त घेऊन गेला. संध्याकाळच्या अहवालात पोटॅशियम धडकी भरावी इतके वाढलेले आणि कॅल्शियम अगदीच घसरलेले दिसले. ही जोडी पाहून मला शंका आली, म्हणून पत्नीला खोदून विचारले, तेव्हा लाल झाकणाच्या नळीत रक्त कमी पडल्याने त्याने जांभळ्या नळीतले थोडे त्यात ओतल्याचे कळले. जांभळ्या नळीतील ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन पोटॅशियमचा क्षार असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते. म्हणूनच आधी निळी, मग लाल, नंतर जांभळी व शेवटी साखरेसाठी करडी, असा नळ्या भरण्याचा क्रम ठरलेला आहे. दुसऱ्या दिवशीचा अहवाल अर्थातच व्यवस्थित आला. त्या मुलाला मी दोष देत नाही. रंगांमागचे कारण त्याला कोणी समजावलेच नसावे.

नंदुरबार जिल्ह्यात अशी चूक अधिक महागात पडते. सातपुड्यातील भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो आणि १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने तो २०४७ पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. बोटातील थेंबाच्या चाचणीत संशय आला की खात्रीसाठी शिरेतले रक्त जांभळ्या नळीत घ्यावे लागते, आणि ती नळी लगेच आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट केली नाही तर रक्त गोठते. धडगावच्या पाड्यावरून मजुरी बुडवून आलेल्या बाईला ‘नमुना खराब झाला, पुन्हा या’ असे सांगितले, तर ती पुन्हा येईलच असे नाही.

तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याने देखरेखीखाली किती जणांचे रक्त घेतले याची सही-शिक्क्याची नोंदवही असल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये, आणि प्रात्यक्षिके कोणत्या रुग्णालयात होणार हे संस्थांनी प्रवेशाच्या वेळीच लेखी द्यावे, अशी संबंधितांना विनंती आहे. भिली, पावरी बोलणाऱ्या मुलींना या अभ्यासक्रमात प्राधान्याने घ्यावे, असेही सुचवतो.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, धुळे