लेसर करायच्या आधी कुणी सांगत का नाही?

संपादक महोदय,

माझी मोठी बहीण निफाडकडे द्राक्षबागेत वीस वर्षं राबली, उन्हाने गालावर काळे डाग आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्यांचं जाळं, म्हणून पोरीच्या लग्नाआधी ती शहरातल्या एका क्लिनिकमध्ये गेली आणि त्यांनी पहिल्याच दिवशी लेसर करून टाकलं. आठवड्याने खपल्या पडल्या आणि खाली तपकिरी ठिपके उठले, रांगेने, गालावर चाळणी दाबल्यासारखे. लग्नाच्या फोटोत ती पदर गालावर ओढून उभी आहे, बघवत नाही.

नंतर त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं तेव्हा कळलं, हे फ्रॅक्शनल सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, लेसर त्वचेतलं पाणी तापवून बारीक छिद्रं पाडतं, मधली त्वचा शाबूत राहते, तिच्यामुळे जखम लवकर भरते आणि नवीन कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, तयार होऊन सुरकुत्या कमी होतात. म्हणजे उपाय खोटा नाही. पण आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन, म्हणजे रंग देणारं द्रव्य, जास्त, जखम काळी पडायचा धोका गोऱ्यांपेक्षा जास्त, म्हणून पॉवर जपून ठेवायची, आधी छोट्या जागेवर टेस्ट घ्यायची, आधी आणि नंतर ऊन टाळायचं, सनस्क्रीन लावायचं. हिला कुणी साधं विचारलं नाही की तू काम काय करतेस, आणि ही चौथ्या दिवशी बागेत!

डाग आता हळूहळू फिके होतायत. तुमच्या आरोग्य पुरवणीत हे एकदा नीट छापा, प्लीज, आमच्या गल्लीतल्या अजून दोघी ॲडव्हान्स भरून बसल्यात.

– एक वाचक, नाशिक जिल्हा