ओजसच्या बोलण्याविषयी

रामबाग, इंदूर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे फोन उचलले नाहीत, कारण घरात सगळ्यांसमोर हे बोलणं होत नाही. म्हणून लिहितोय.

ओजस सव्वादोन वर्षांचा झाला. शब्द म्हणावेत असे मोजकेच, आणि आज आलेला उद्या येईलच असं नाही. पण शब्दांपेक्षा त्याच्या बोटानं जास्त घोर लावलाय. शेवेचा डबा हवा असला की तो बोट दाखवत नाही. माझ्या आईचं मनगट धरून ओढत नेतो, तिचा हात डब्यावर ठेवतो आणि नजर डब्यावरच. हे आधी टिपलं आईनंच. "बोलेल रे उशिरा, पण माझ्या तोंडाकडे का बघत नाही हा?" बाकी गोतावळा मात्र 'तूही उशिराच बोललास' यावर निश्चिंत!

एका डॉक्टरांनी "मुलगे उशिराच बोलतात, थांबा" म्हणून वाटेला लावलं. पाळणाघरातल्या बाईंचं म्हणणं, घरी मराठी नि बाहेर हिंदी म्हणून गोंधळतोय, घरी हिंदीच बोला. अनघानं आईलाही हिंदीत बोलायला लावलं. आईचं हिंदी तुला ठाऊक आहे! आता ज्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जातो त्यांनी ते साफ मोडीत काढलं. दोन भाषांमुळे ना बोलणं अडतं ना ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, होतो. जी तोंडात सहज येते तीच बोला, म्हणाल्या. आजीचं 'इथे इथे बस रे मोरा' परत सुरू झालंय.

आधी कानांची तपासणी, बेरा; आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, ते यंत्रानं बघतात. मिक्सर लावला की ओजस कान झाकतो, मग ऐकू येतंच की, असं मला वाटायचं. पण मोठा आवाज ऐकू येऊनही बोलण्यातले बारीक आवाज निसटू शकतात. ही तपासणी झोपेत करतात, म्हणून आदल्या रात्री त्याला जागवायला सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, घेऊन फिरलो. जिलबी मी खाल्ली, तो खांद्यावर टक्क जागा. दुसऱ्या दिवशी यंत्र लावायच्या आत गाढ. कान उत्तम निघाले.

मग एम-चॅट, म्हणजे ऑटिझमची शंका घ्यायला जागा आहे का ते बघणारी 20 प्रश्नांची यादी, 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी. ती नुसती चाळणी. रक्त तपासून किंवा स्कॅन काढून ऑटिझम कळत नाही. मुलाला बघावं लागतं, आईबापांना खोदून विचारावं लागतं. डॉक्टरांनी साबणाचे बुडबुडे उडवले, झाकण घट्ट लावलं आणि नुसत्या बसून राहिल्या. बाटलीकडून त्यांच्याकडे तो बघतो का, एवढंच बघायचं होतं. त्यानं त्यांचा हात झाकणावर दाबला. एकदाच, ओझरतं, वर बघितलं. अनघानं माझा दंड केवढ्यानं दाबला!

नुसता भाषेचा उशीर की ऑटिझम, हे अजून ठरलेलं नाही. पुढची बैठक आहे. पण स्पीच थेरपी लगेच सुरू केली. उपचाराला नावाची वाट बघायची नसते, हे त्यांचं मला सगळ्यात पटलं. सरकारी सोयही आहे बरं का: 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर अशा मुलांच्या तपासणी-उपचाराची केंद्रं निघालीत, 18 वर्षांपर्यंत मोफत. आमच्या कामवाल्या ताईंच्या नातवासाठी तिथं चौकशी करतोय.

आता एक ऐक. आइन्स्टाइन उशिरा बोलला, हे पाठवू नकोस. ते सगळ्यांनी पाठवून झालंय. दिवाळीत येणार असलास तर फोनवर गाणी लावून त्याला हसवायला जाऊ नकोस, जमिनीवर बस आणि तो खेळेल ते खेळ. आणि मुक्काम आमच्याकडेच, हॉटेल नाही.

तुझा,
मंदार