रात्री दोन वाजता एकदा या, साहेब

मा. जिल्हाधिकारी, बेळगाव यांस,

साहेब, पत्र मराठीत आहे. राज्यात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायची मुभा घटनेच्या कलम ३५० नं दिली आहे. भाषेचा वाद मात्र मला घालायचा नाही.

माझी आत्ती ७८ वर्षांची. खानापूर तालुक्यातलं घर पावसाळ्यात एकटीनं राहण्याजोगं नाही, म्हणून शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात ठेवली. ‘ठेवली’ लिहिताना हात अडखळतो, पण नवरा-बायको दोघंही कामावर, काय करणार? एका पहाटे तीनच्या सुमाराला ती न्हाणीत घसरली. ओली शहाबादी फरशी, भिंतीला धरायला दांडा नाही, वाजवायला घंटा नाही. हाका मारून मारून घसा बसला. साडेपाचला चहा ठेवायला उठलेल्या आयाला ती सापडली. खुब्याचं हाड मोडलं होतं.

आयाला मी बोल लावणार नाही. दोन मजले, २६ म्हातारी माणसं आणि रात्री ही एकटी. “वरचं बघू की खालचं, दादा?” म्हणाली. आत्तीशी मराठीत आणि शेजारच्या अज्जीशी कन्नडमध्ये मायेनं बोलणारी तिथं तीच.

रजिस्टर मागितलं. शाळेत शिकलेलं कन्नड कामी आलं. त्या रात्रीच्या रकान्यात ‘सर्व ठीक’, खाली व्यवस्थापकांची सही. ते रात्री घरी झोपतात. पुढच्या ओळीत येणाऱ्या रात्रीचंही ‘सर्व ठीक’ लिहून तयार होतं. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते!

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम १९ जिल्ह्यागणिक निदान १५० निराधारांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाबद्दल बोलतं. तिथला दर्जा, औषधोपचार ठरवायचं सरकारवर सोपवतं. आम्ही पैसे मोजतो तिथं रात्री माणसं किती, हे कोण मोजतं? १४५६७ ही हेल्पलाइन चांगली आहे, पण ती सकाळी ८ ते रात्री ८. आत्ती पडली पहाटे.

तेव्हा न कळवता, रात्री दोनला एखाद्या आश्रमाचं दार वाजवा. कळवून आलात तर फिनेलचा वास आणि हार मिळेल. न्हाणीत स्वतः उभे राहा, हाक मारा, कोण किती वेळात येतं बघा.

आत्ती आता आमच्या पुढच्या खोलीत खाटेवर आहे. शेजारच्या अज्जी तिथंच आहेत. परवा भेटून आलो, न्हाणीत दांडा अजून बसवलेला नाही.

आपला,
खानापूर तालुक्यातील एक भाचा