लाइट आली आणि बोट गेलं

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतलं सुतारकामावरचं पान वाचलं. फोटो झकास. पण त्याखाली ‘सोनेरी भुशात न्हालेला कारागीर’ असं छापलंत, तिथे डोकं फिरलं.

तो फणसाचा भुसा, साहेब. संध्याकाळी नाक शिंकरलं की तोच बाहेर येतो. लाकडाच्या भुशाने नाकाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने १९९५ सालीच सांगून ठेवलंय. तुमच्या कारागिराच्या तोंडाला साधा रुमाल नाही. असता तर चेहरा दिसला नसता, हेही खरं.

माझं दुखणं वेगळं. तीन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आठ दिवस आधी, चाकरमानी यायच्या आत चौरंग-देव्हारे द्यायचे म्हणून रात्री साडेनऊलाही काम चालू होतं. कटर मशीनवर पट्टी फाडताना लाइट गेली. ढलपी पात्यात अडकलेली, ती बॅटरीच्या उजेडात काढायला बोट घातलं. बटण चालूच राहिलेलं. लाइट आली. डाव्या तर्जनीची दोन पेरं दुसऱ्या दिवशी झाडताना भुशात सापडली.

मालक म्हणाले, ‘‘मेस्त्रीनू, बटण बंद करूक काय झालां तुमका?’’ बरोबर, चूक माझीच. पण लाइट परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन फिरत नाही, असा स्टार्टर बाजारात मिळतो. विहिरीच्या पंपाला लोक आठवणीने बसवतात, पंप जळेल म्हणून. आमच्या कटरला पंख्याचं बटण.

१९२३ च्या भरपाई कायद्याच्या तक्त्यात तर्जनीच्या दोन पेरांचा भाव ११ टक्के होता. कमाईची ताकद तेवढीच घटते म्हणे. तर्जनीशिवाय पटाशी धरून दाखवावी कुणी. मला मिळाला दवाखान्याचा अर्धा खर्च. तपासणीला कोण येणार? १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवरच्या कामाला दहा माणसांची अट होती, २०२० च्या कामगार संहितेने ती वीस केली. आम्ही पाच.

त्या लाइटचंही एकदा छापा. पावसाळ्यात दिवसातून सहा-सात वेळा जाते. त्यावर कधी रंगीत पान निघालेलं पाहिलं नाही.

बाकी, तुमचा फोटो मी भिंग घेऊन पाहिला. पात्यावर झाकण नाही. बटण मागच्या भिंतीवर, त्या पोराच्या हातापासून चांगलं चार हात लांब. तुमचा फोटोग्राफर पुन्हा तिकडे गेला तर तेवढं त्या पोराला सांगायला सांगा.

आपला,
एक मेस्त्री, ता. कुडाळ